विजेच्या चोरीपासून अल्गोरिदमच्या निवाड्यापर्यंत

नेदरलँड्सच्या उत्तर भागात लेवार्डन नावाचं शहर आहे. सप्टेंबर २००७ मध्ये तिथल्या तेरा वर्षांच्या एका मुलाला दोन मुलांनी घरी नेलं, लाथाबुक्क्यांनी तुडवलं आणि चाकूचा धाक दाखवला. त्यांना त्याच्या खिशातले पैसे नको होते, मोबाइलही नको होता. हवे होते एक ताईत आणि एक मुखवटा. ‘रुनस्केप’ या इंटरनेटवरच्या खेळात त्या मुलाने बराच वेळ खर्चून या दोन वस्तू मिळवल्या होत्या. मारहाणीपुढे हतबल होऊन त्याने आपलं खातं उघडलं आणि ताईत व मुखवटा खेळातल्या जमिनीवर टाकले. हल्लेखोरांपैकी एकाने ते आपल्या खात्यात उचलून घेतले.

मारहाण हा गुन्हा आहे, यावर दुमत नव्हतं. पण ही चोरी होती का? ज्या वस्तूला वजन नाही, जी हातात धरता येत नाही, जी पडद्याबाहेर कुठेच नाही, ती चोरता येते का? बचाव पक्षाने तीन मुद्दे मांडले. या वस्तू म्हणजे नुसती संगणकातली माहिती आहे. त्यांची मालकी मुलाची नसून खेळ बनवणाऱ्या जॅजेक्स या ब्रिटिश कंपनीची आहे. शिवाय दुसऱ्याच्या वस्तू हिसकावणं हा खेळाचाच भाग आहे.

हे प्रकरण पायरी पायरीने वर चढत ‘होगे राड’ म्हणजे डच सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. ३१ जानेवारी २०१२ रोजी न्यायालयाने ही चोरीच असल्याचा निर्वाळा दिला. त्या मुलाने वेळ आणि मेहनत घालून वस्तू कमावल्या होत्या, त्याच्यासाठी आणि हल्लेखोरांसाठीही त्यांना मोल होतं आणि त्यांच्यावर प्रत्यक्ष ताबा फक्त त्याचा होता. तो ताबा जबरदस्तीने गेला. खेळाच्या नियमांत चाकू दाखवणं बसत नाही, त्यामुळे खेळाचा बचावही टिकला नाही. आरोपीला १४४ तासांच्या समाजसेवेची शिक्षा झाली.

निकाल वाचताना एक गोष्ट लक्षात येते. ही वस्तू कशाची बनली आहे, या प्रश्नात न्यायाधीश फार अडकले नाहीत. कुणाकडे काय होतं आणि ते कसं गेलं, हे त्यांनी पाहिलं. नव्या तंत्रज्ञानापुढे कायद्याने कसं उभं राहावं, याचं माझ्या मते सर्वांत भरवशाचं सूत्र यात आहे. यंत्र नवं असतं, पण त्याने होणारी इजा बहुतेक वेळा जुनीच असते. इजा ओळखता आली की जबाबदारी कुणाची, हे ठरवता येतं. आणि जिथे जबाबदारीच हरवते तिथे किती मोठा अनर्थ होतो, हेही याच देशाने पुढे अनुभवलं.

दंतवैद्याची सुई

रुनस्केपच्या निकालाची मुळं जवळपास शंभर वर्षं मागे जातात. हेग शहरातल्या एका दंतवैद्याने आपल्या घरच्या विजेच्या मीटरमध्ये सुई घालून त्याची चकती थांबवली होती. वीज वापरली जात होती, पण मीटरवर आकडा चढत नव्हता. पकडला गेल्यावर त्याच्यावर चोरीचा खटला भरला. डच दंडसंहिता १८८६ मध्ये लागू झाली, तेव्हा घरोघरी वीज नव्हतीच. चोरीच्या कलमात दुसऱ्याची ‘वस्तू’ नेणं असे शब्द होते. वीज ही काही उचलून न्यायची वस्तू नाही, असा दंतवैद्याच्या वकिलांचा युक्तिवाद होता.

२३ मे १९२१ रोजी होगे राडने तो फेटाळला. वीज निर्माण करायला खर्च येतो, ती साठवता येते, एकाकडून दुसऱ्याकडे पाठवता येते, तिला बाजारात किंमत आहे आणि ती ज्याच्या ताब्यात आहे तो तिचा उपयोग करू शकतो. चोरीचं कलम माणसाची मालमत्ता सांभाळण्यासाठी आहे, म्हणून विजेलाही ते लागू होतं, असं न्यायालयाने ठरवलं. डच विद्यापीठांत कायदा शिकणाऱ्यांना हा निकाल आजही शिकवला जातो. बँकेच्या खात्यातला केवळ नोंदीच्या रूपातला पैसा, मोबाइलवरची बोलण्याची मिनिटं, एसएमएस आणि शेवटी रुनस्केपचा ताईत, हे सगळे निकाल याच वाटेने आले.

सगळे देश या वाटेने गेले नाहीत. जर्मनीच्या सर्वोच्च न्यायालयाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस विजेला वस्तू मानायला नकार दिला. फौजदारी कायद्याचा शब्द न्यायाधीशाने ताणू नये, ते काम संसदेचं आहे, अशी त्यांची भूमिका होती. त्यामुळे १९०० मध्ये तिथे विजेच्या चोरीसाठी वेगळा कायदा करावा लागला. भारतातही कायद्यानेच सोय केली. १९१० च्या विद्युत कायद्याच्या कलम ३९ मध्ये अप्रामाणिकपणे वीज घेणं म्हणजे चोरी समजावी, असं लिहिलेलं होतं. १९६४ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने अवतार सिंग खटल्यात नेमकं हेच नोंदवलं की वीज भारतीय दंडसंहितेतल्या चोरीच्या व्याख्येत मुळात बसत नाही, तिला चोरी ठरवतं ते विद्युत कायद्याचं कलम.

दोन्ही वाटांना आपापली किंमत आहे. न्यायाधीशाने जुना शब्द ताणला तर अन्यायाला लगेच उत्तर मिळतं, पण उद्या तो शब्द कुठवर ताणला जाईल याची नागरिकाला खात्री राहत नाही. संसदेची वाट पाहिली तर खात्री मिळते, पण मधल्या काळात गुन्हेगार मोकळा फिरतो. आपल्या भारतीय न्याय संहितेने मात्र एक दार उघडं केलं आहे. जुन्या दंडसंहितेत जंगम मालमत्ता ‘मूर्त’ असावी लागे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितेच्या व्याख्येतून ती अट गळली आहे. त्यामुळे उद्या पुण्यातल्या एखाद्या मुलाचा खेळातला ताईत कुणी धाकदपटशाने हिरावला, तर आपल्या न्यायालयांपुढेही हा प्रश्न नव्याने उभा राहू शकतो.

नक्कल केली तर काय गेलं?

होगे राडने शब्द ताणला, पण कुठे थांबायचं हेही ठरवलं. ३ डिसेंबर १९९६ च्या निकालात न्यायालय म्हणालं की संगणकातली माहिती ही चोरीच्या कलमातली वस्तू नव्हे. सायकल चोरीला गेली की मालकाकडे सायकल उरत नाही. फाइलची नक्कल केली तर मूळ फाइल जागच्या जागीच असते. ताबा गमावणं हा चोरीचा गाभा आहे आणि इथे ताबा गेलेलाच नाही. रुनस्केपचा ताईत एका वेळी एकाच खात्यात असू शकत होता, म्हणून तो वस्तू ठरला. नक्कल करता येणारी माहिती वस्तू ठरली नाही.

याचा अर्थ माहिती पळवणं मोकळं राहावं, असा नव्हता. त्यासाठी संसदेने कायदा करावा, असा होता आणि संसदेने तो टप्प्याटप्प्याने केला. १९८० च्या दशकात लायडन विद्यापीठातले प्राध्यापक हान्स फ्रांकन यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती बसली. तिचा अहवाल १९८७ मध्ये आला आणि १ मार्च १९९३ पासून संगणक गुन्हे कायदा लागू झाला. त्यात दुसऱ्याच्या संगणकात घुसणं हा स्वतंत्र गुन्हा ठरला आणि त्याची मांडणी दुसऱ्याच्या घरात बेकायदा शिरण्याच्या गुन्ह्यासारखी केली गेली. सुरुवातीला एक अट होती, ती म्हणजे कुठलं तरी सुरक्षाकवच फोडलेलं असावं. २००६ च्या दुरुस्तीत ती काढली गेली. घराला कडी नसली तरी परक्याने आत शिरणं गुन्हाच असतो, हे तत्त्व संगणकालाही लागू झालं. १ मार्च २०१९ पासून लागू झालेल्या तिसऱ्या संगणक गुन्हे कायद्याने आणखी दोन उणिवा भरून काढल्या. ज्याला यंत्रणेत कायदेशीर प्रवेश आहे, अशा कर्मचाऱ्यानेही खासगी माहिती बेकायदा उतरवून घेणं गुन्हा ठरलं आणि अशी पळवलेली माहिती बाळगणं किंवा विकणंही गुन्हा झालं.

याच कायद्याने पोलिसांनाही संशयिताच्या फोनमध्ये वा संगणकात गुपचूप शिरण्याचा अधिकार दिला. मात्र गुन्हा गंभीर हवा, तपासावर देखरेख करणाऱ्या न्यायाधीशाची आगाऊ परवानगी हवी आणि स्वतंत्र निरीक्षकांनी त्या वापराची तपासणी करायला हवी. सत्तेला नवं हत्यार देताना त्याच कागदावर तिचा लगामही लिहायचा, ही पद्धत मला महत्त्वाची वाटते.

कुलूप कच्चं आहे, हे सांगणाऱ्याचं काय?

संगणकात घुसणं गुन्हा ठरलं की पुढचा प्रश्न येतो. चांगल्या हेतूने कच्चे दुवे शोधणाऱ्याचं काय करायचं? २००८ मध्ये नाइमेखन इथल्या राडबाउड विद्यापीठातल्या संशोधकांनी ‘मायफेअर क्लासिक’ या चिपची सुरक्षा फोडता येते, हे दाखवलं. ही चिप लंडनच्या ऑयस्टर कार्डात होती आणि नेदरलँड्समध्ये रेल्वे, बस, ट्रामसाठी येऊ घातलेल्या कार्डातही होती. चिप बनवणाऱ्या एनएक्सपी कंपनीने शोधनिबंध छापू नये म्हणून न्यायालयात धाव घेतली. १८ जुलै २००८ रोजी आर्नहेमच्या न्यायालयाने ही मागणी फेटाळली. नुकसान होणार असेल तर ते लेख छापल्यामुळे होणार नाही, उणिवा असलेली चिप बनवून विकल्यामुळे होईल, असं न्यायालयाचं म्हणणं होतं.

या निकालानंतर देशात एक वेगळी संस्कृती रुजली. २०१३ मध्ये डच राष्ट्रीय सायबर सुरक्षा केंद्राने मार्गदर्शक तत्त्वं काढली. कच्चा दुवा सापडला तर आधी संबंधित संस्थेला कळवा, दुरुस्तीला वेळ द्या, गरजेपेक्षा जास्त माहितीला हात लावू नका, आणि असं वागणाऱ्याच्या मागे संस्थेने कोर्टकचेरी लावू नये, असा त्यांचा आशय. सरकारी संकेतस्थळातली चूक दाखवणाऱ्यांना हे केंद्र एक काळा टी-शर्ट पाठवतं. डच सरकारला हॅक करून पदरात पडला तो हा टी-शर्ट, अशा अर्थाची ओळ त्यावर असते. भारतातल्या अनेक तरुण संशोधकांनीही तो मिळवला आहे. आपल्या माहिती तंत्रज्ञान कायद्यात मात्र सद्हेतूने काम करणाऱ्या अशा संशोधकांसाठी वेगळं संरक्षण नाही. चूक दाखवणाऱ्यालाच आरोपी व्हावं लागेल अशी भीती असेल, तर चुका तशाच राहतात आणि त्यांचा फायदा चोर घेतात.

यंत्र सरकारच्या हाती गेल्यावर

इथपर्यंतची कहाणी डच कायद्याच्या शहाणपणाची आहे. पुढची कहाणी त्याच देशाच्या मोठ्या अपयशाची आहे, आणि आपल्याला तीच अधिक शिकवणारी आहे.

आम्स्टेलव्हेन किंवा आइंडहोव्हनमध्ये राहणाऱ्या मराठी कुटुंबांना डच पाळणाघर भत्ता परिचयाचा आहे. आईवडील दोघेही नोकरी करत असतील तर पाळणाघराच्या खर्चाचा काही भाग सरकार देतं. रक्कम उत्पन्नावर ठरते. ती आधी अंदाजाने दरमहा मिळते आणि नंतर हिशेब पक्का होतो. भत्त्याचं काम तेव्हा करखात्याकडे होतं. २०१३ पासून करखात्याने अर्जांची छाननी करायला एक संगणकीय प्रणाली वापरली. ती प्रत्येक अर्जाला धोक्याचे गुण देई. गुण जास्त आले की अर्ज कर्मचाऱ्याकडे तपासणीला जाई. अर्जदार डच नागरिक आहे की नाही, हासुद्धा त्या गुणांचा एक निकष होता. आणि ज्या कर्मचाऱ्याच्या टेबलावर ती फाइल येई, त्याला या अर्जाला इतके गुण का पडले, हे सांगितलंच जात नसे. म्हणजे यंत्राला कारण विचारता येत नव्हतं आणि माणसाला ते ठाऊक नव्हतं.

त्यात कायद्याचा अर्थही अत्यंत कठोर लावला गेला होता. एखादं कागदपत्र अपुरं निघालं किंवा स्वतःच्या वाट्याचे काही शे युरो भरायचे राहिले, तर तेवढीच रक्कम वसूल होत नसे, त्या वर्षाचा संपूर्ण भत्ता परत मागितला जाई. हजारो पालकांवर अक्षरशः हजारो युरोंचं कर्ज चढलं. अनेकांवर हेतुपुरस्सर फसवणुकीचा शिक्का बसला आणि तो बसला की हप्ते बांधून घेण्याची सोयही बंद होई. घरं गेली, नोकऱ्या गेल्या, संसार मोडले. बळी पडलेल्यांत स्थलांतरित कुटुंबांचं प्रमाण मोठं होतं. पालकांनी आपली फाइल मागितली तेव्हा काहींना पानंच्या पानं काळ्या शाईने झाकलेले कागद मिळाले. आपल्यावर कसला आरोप आहे, हे त्यांना स्वतःच्याच फाइलमधून वाचता येत नव्हतं.

न्यायालयही सुरुवातीला मदतीला आलं नाही. प्रशासकीय दाव्यांत अंतिम शब्द असलेल्या कौन्सिल ऑफ स्टेटने करखात्याचा हा ‘सगळं किंवा काहीच नाही’ असा अर्थ वर्षानुवर्षं उचलून धरला. २३ ऑक्टोबर २०१९ रोजी त्यांनी भूमिका बदलली, पण तोवर बहुतेकांचं नुकसान होऊन गेलं होतं. हे प्रकरण उघडकीस आलं ते काही चिकाटीच्या माणसांमुळे. त्यांत हेल्मंडच्या वकील एव्हा गोन्झालेस पेरेस, खासदार पीटर ओम्टझिख्ट आणि रेन्स्के लाइटन, आणि ‘त्राउ’ दैनिक व आरटीएल वृत्तवाहिनीचे पत्रकार यांची नावं घ्यावी लागतात. डिसेंबर २०२० मध्ये संसदीय समितीचा अहवाल आला. त्याच्या शीर्षकाचा अर्थच ‘अभूतपूर्व अन्याय’ असा होता. कायद्याच्या राज्याची मूलतत्त्वं मोडली गेली, आणि त्यात सरकार, संसद व न्यायव्यवस्था या तिघांचाही वाटा होता, असं समितीने म्हटलं. १५ जानेवारी २०२१ रोजी पंतप्रधान मार्क रुट्टे यांच्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. डच माहिती संरक्षण प्राधिकरणाने करखात्याला आधी २७.५ लाख आणि नंतर ३७ लाख युरो दंड केला. अधिकृतपणे बाधित ठरलेल्या पालकांची संख्या पुढे ३०,००० च्या वर गेली.

याच काळात दुसरं एक प्रकरण न्यायालयात चाललं होतं. ‘सिरी’ नावाच्या सरकारी प्रणालीत कर, घर, नोकरी, कर्ज, भत्ते अशी अनेक खात्यांची माहिती एकत्र करून कोण फसवणूक करू शकेल, याचा अंदाज बांधला जाई. तिचा वापर मुख्यतः गरीब आणि स्थलांतरित वस्तीच्या भागांत झाला, त्यांत रॉटरडॅमचे ब्लूमहोफ आणि हिलेस्लाउस हे भाग होते. तिथल्या रहिवाशांना आपल्या नावापुढे धोक्याची खूण पडली आहे, हे कळवलंही जात नसे. मानवी हक्क संघटना, कामगार संघटना आणि टॉमी विरिंगा व माक्सिम फेब्रुआरी हे दोन लेखक न्यायालयात गेले. ५ फेब्रुवारी २०२० रोजी हेगच्या जिल्हा न्यायालयाने निकाल दिला की ज्या कायद्याच्या आधारे ही प्रणाली चालते, तो युरोपीय मानवी हक्क कराराच्या आठव्या कलमाचा, म्हणजे खासगी आयुष्याच्या हक्काचा भंग करतो. फसवणूक शोधणं हा हेतू योग्य असल्याचं न्यायालयाने मान्य केलं. पण ही प्रणाली कशी चालते हे कुणालाच तपासता येत नाही, आणि जे तपासता येत नाही त्यात हेतू आणि हक्क यांचा तोल राखला गेला, असं म्हणता येत नाही. सरकारने या निकालाविरुद्ध अपील केलं नाही.

या दोन प्रकरणांनंतर डच सरकारने आपल्या अल्गोरिदमची सार्वजनिक नोंदवही सुरू केली आणि माहिती संरक्षण प्राधिकरणाकडे अल्गोरिदमवरच्या देखरेखीचं काम सोपवलं. १ ऑगस्ट २०२४ पासून युरोपीय संघाचा कृत्रिम बुद्धिमत्ता कायदा अस्तित्वात आला. सरकारी भत्त्यांची पात्रता ठरवणाऱ्या प्रणाली त्यात अधिक धोक्याच्या वर्गात मोडतात आणि त्यांवर माणसाची देखरेख बंधनकारक करण्याची तरतूद आहे.

ओलाचे चालक अॅमस्टरडॅमच्या कोर्टात

प्रश्न फक्त सरकारी यंत्रांचा नाही. अनेक परदेशी कंपन्यांनी आपली युरोपातली कार्यालयं अॅमस्टरडॅममध्ये थाटली आहेत. त्यामुळे इथल्या न्यायालयांपुढे दुसऱ्या देशांतले दावेही येतात. बंगळुरूच्या ओला कंपनीची माहिती हाताळणारी युरोपीय शाखा अॅमस्टरडॅमला नोंदलेली होती. ब्रिटनमध्ये ओला आणि उबर चालवणाऱ्या काही चालकांनी म्हणून इथेच दावे लावले.

त्यांचं गाऱ्हाणं आपल्याकडच्या कुठल्याही अॅपवरच्या चालकाला पटेल असं होतं. अॅपने फसवणुकीचा संशय घेतला, पैसे कापले, काहींचं खातं बंद केलं आणि कारण सांगितलं नाही. जीडीपीआर या युरोपीय माहिती संरक्षण नियमांचं कलम २२ सांगतं की माणसाच्या आयुष्यावर मोठा परिणाम करणारा निर्णय सर्वसाधारणपणे पूर्णपणे यंत्रावर सोडता येत नाही, आणि कलम १५ नुसार अशा निर्णयामागचा तर्क कळण्याचा हक्क त्या माणसाला आहे. मार्च २०२१ मध्ये जिल्हा न्यायालयाने ओलाची पैसे कापण्याची पद्धत अशा पूर्ण स्वयंचलित निर्णयात बसवली. ४ एप्रिल २०२३ रोजी अपील न्यायालयाने चालकांना आणखी मोठा विजय दिला. निर्णयाआधी माणसंही फाइल पाहतात, असं उबरचं म्हणणं होतं. न्यायालयाने तपासून पाहिलं आणि त्या माणसांचा सहभाग प्रतीकात्मकतेच्या फारसा पलीकडे जात नाही, असं ठरवलं. व्यापारी गुपिताच्या आड लपून चालकाला अंधारात ठेवता येणार नाही, हेही स्पष्ट झालं.

मला या निकालाचं मोल फार मोठं वाटतं. फाइलवर सही करणारा माणूस असणं पुरेसं नाही. त्या माणसाकडे कारण जाणून घेण्याची, शंका घेण्याची आणि निर्णय फिरवण्याची ताकद हवी. डच करखात्यातल्या कर्मचाऱ्याकडे नेमकी हीच ताकद नव्हती.

महाराष्ट्राने यातून काय घ्यावं?

घाईने केलेला मोघम कायदा काय करतो, हे आपण स्वतः भोगलं आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६अ कलमात ‘त्रासदायक’ वा ‘अत्यंत आक्षेपार्ह’ मजकूर पाठवणं गुन्हा होतं. नोव्हेंबर २०१२ मध्ये मुंबई बंद होती, तेव्हा त्याबद्दल फेसबुकवर लिहिल्यामुळे आणि त्या मजकुराला पसंती दिल्यामुळे पालघरच्या दोन तरुणींना अटक झाली. २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने श्रेया सिंघल खटल्यात ते कलमच रद्द केलं. नेमकी कोणती इजा रोखायची आहे, हे ज्या कायद्याला सांगता येत नाही, तो निरपराध माणसावरच उलटतो.

आता पुढचं वळण आलं आहे. आपल्याकडेही शिधापत्रिका, पेन्शन, शिष्यवृत्ती, पीकविमा या सगळ्यांची पडताळणी संगणकावर होते. लाडकी बहीण योजनेत वेगवेगळ्या खात्यांची माहिती एकमेकांशी ताडून अपात्र नावं शोधली गेली. पोलिसांसाठी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधनं बनवायला राज्य सरकारने २०२४ मध्ये नागपुरात ‘मार्व्हल’ ही कंपनी स्थापली. गैरवापर शोधणं हे सरकारचं कामच आहे. पण ज्याचं नाव चुकून वगळलं गेलं, त्याला कारण कळण्याची आणि दाद मागण्याची सोपी वाट हवी. २०२३ च्या आपल्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्यात युरोपच्या कलम २२ सारखा हक्क नाही. तो यायला हवा, आणि त्याची मागणी आपणच करायला हवी.

या कायद्यातली एक तरतूद मात्र आपण आजच समजून घ्यावी. संमती मागणारी सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय नागरिकाला द्यावा लागेल. म्हणजे मराठीतही. २०२१ मध्ये डच प्राधिकरणाने टिकटॉकला साडेसात लाख युरो दंड केला, कारण डच मुलांना गोपनीयतेची माहिती फक्त इंग्रजीत दिली होती. न कळणाऱ्या भाषेत घेतलेली संमती ही संमती नव्हे, हे तत्त्व आपल्याही कायद्यात आहे. ते कागदावरून व्यवहारात आणायचं ते ग्राहकांनी मागणी करूनच.

दुसरं साधन वीस वर्षांपासून आपल्या हातात आहे. माहिती अधिकार कायदा, २००५ च्या कलम ४(१)(ड) नुसार, सरकारी खात्याने आपल्या निर्णयाची कारणं त्याची झळ बसलेल्या माणसाला सांगायला हवीत. त्यात निर्णय माणसाने घेतला की संगणकाने, असा भेद केलेला नाही. तेव्हा ‘सिस्टीममध्ये असंच येतंय’ एवढ्या उत्तरावर खिडकीवरून परत फिरू नका. अर्ज लेखी द्या, मराठीत द्या आणि त्यात तीन प्रश्न विचारा: माझ्याबद्दलची कोणती माहिती वापरली, कोणत्या निकषावर माझं नाव वगळलं, आणि हा निर्णय बदलण्याचा अधिकार कोणत्या अधिकाऱ्याला आहे. डच पालकांना या तीन प्रश्नांची उत्तरं वेळेत मिळाली असती, तर हजारो संसार वाचले असते. आपण ते प्रश्न आत्ताच विचारायला लागू या.